बोर्डिंगांच्या गावात आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, महाराष्ट्रातून आणि बेळगाव-निपाणीकडून आलेले डॉक्टर, परिचारिका, प्रत्यारोपण समन्वयक, आणि ज्यांच्यासाठी ही परिषद भरली ते किडनी घेतलेले, किडनी दिलेले व त्यांचे घरचे लोक, आपणां सर्वांचे करवीरनगरीत मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी गावी असा प्रघात आहे, आणि कोल्हापूरकराला त्यासाठी आग्रह करावा लागत नाही. पण अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, खासबागेचे मैदान, चप्पल आणि गूळ यांना मी इथूनच नमस्कार करतो. मला बोलायचे आहे ते बोर्डिंगांबद्दल.

राजर्षी शाहू महाराजांच्या राज्यात शाळा होत्या, राजाराम कॉलेज होते. तरी खेड्यातला मुलगा शिकत नव्हता, कारण शहरात येऊन त्याने उतरायचे कुठे आणि दोन वेळा जेवायचे कुणाकडे? शिक्षणाची अडचण वर्गात नाही, वर्गाबाहेरच्या वीस तासांत आहे, हे महाराजांनी ओळखले. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघाले, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पाठोपाठ लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, पांचाळ, नामदेव शिंपी. महाराजांनी जागा दिल्या, अनुदाने बांधून दिली, आणि दसरा चौकाभोवती अशी वस्ती उभी राहिली की या गावाला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. जातवार बोर्डिंगांनी जातीच पक्क्या केल्या, हा आक्षेप जुना आहे आणि तो पूर्ण खोटा नाही. पण आधी सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले होते. त्यात अगोदरच पुढे असलेल्यांचीच मुले भरली. शिवाय याच जैन बोर्डिंगातून शिस्तभंगासाठी काढून टाकलेले भाऊराव पाटील पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह काढून बसले, हेही आमच्याच खात्यावर जमा धरावे.

याचा किडनीशी संबंध काय, अशी कुजबुज मागच्या रांगेत सुरू झाली असेल. संबंध असा, की शस्त्रक्रिया ही शाळा आहे आणि तिच्यासाठीचे बोर्डिंग आपण अजून बांधलेले नाही. 1954 मध्ये बोस्टनला पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांत. तिथे शरीराने परकेपणा धरण्याचा प्रश्नच नव्हता. बाकी सर्वांना प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्या किडनी चालू आहे तोवर घ्याव्या लागतात. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी, तपासणीचे रक्त द्यायचे ते सकाळची गोळी घेण्याआधी, पपनस वर्ज्य, कुणीतरी प्रेमाने आणून दिलेला काढा त्याहून वर्ज्य. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे आधी नसलेला मधुमेहही होऊ शकतो. किडनी उशिरा निकामी होण्याच्या मोठ्या कारणांत औषधे चुकवणे हे एक आहे, आणि ती चुकतात ती घरात, शेतात, एसटीत. ऑपरेशन थिएटरात नव्हे. आमच्याकडे तर पंचगंगाही हिशेबात धरावी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये तिच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. ज्याच्या घरात चार दिवसांच्याच गोळ्या होत्या त्याने काय करायचे? पुराच्या दूषित पाण्याने जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते आणि नव्या किडनीलाच इजा होऊ शकते.

यावर कुणी म्हणेल, डायलिसिसवर माणसे खोळंबली असताना आधी शस्त्रक्रिया वाढवा, नंतरचे नंतर. हा मुद्दा वजनदार आहे. शासनानेही 2023 मध्ये महात्मा फुले योजनेतील किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, ते योग्यच झाले. पण गोळ्यांअभावी किडनी गेली तर तोच माणूस डायलिसिसच्या रांगेत परततो. शस्त्रक्रियेचा खर्च वाया जातो आणि देणाऱ्याचे दानही. आणि देणारी बहुधा आई किंवा बायको असते. तिची वर्षातून एकदा रक्तदाब-लघवीची तपासणी व्हावी, हे मात्र कुणाच्या यादीत नसते. दुसरा आक्षेप असा, की ज्यांना संसर्गाचे भय त्यांना समाजाने कशाला घेरायचे? बरोबर आहे, म्हणून मी वसतिगृहाची इमारत मागत नाही. गर्दी टाळून मदत करता येते. पुरात तालमींची पोरे दूध-पाणी पोचवतात. त्यांच्या यादीत अशा घरांची नोंद, अर्थात त्यांच्या संमतीने, करता येईल. राहिला तिसरा आक्षेप, की अशा माणसाला जपावे, कामाला लावू नये. 1978 पासून जगात प्रत्यारोपण झालेल्यांच्या क्रीडास्पर्धा भरतात, एवढे उत्तर कुस्ती-फुटबॉलच्या या गावाला पुरे. त्याला कामावर परत घ्या, तपासणीच्या दिवशी रजा द्या.

आता व्यवस्थेबद्दल. उणिवा आहेत, त्या पदरात घ्याव्यात. तांबडा-पांढरा रस्सा आहे, पण एका मांडवात मीठ-तिखट बेताचे ठेवले आहे. अस्सल खवय्यांनी रागावू नये. पाणी उकळून गार केलेले आहे, फळांच्या ताटात पपनस नाही, सकाळ-संध्याकाळ गोळीच्या वेळी कार्यक्रम थांबेल, मग वक्ता कितीही मोठा असो. सभागृहाला जिना आहे आणि लिफ्टचा भरवसा देता येत नाही, त्याबद्दल क्षमा. खालच्या मजल्यावर पडदा लावला आहे. पार्किंगबद्दल मी बोलतच नाही. शाहूपुरीतील गुळाचे व्यापारी, गुजरीतील सराफ, उद्यमनगर आणि शिरोलीचे कारखानदार, खोल्या मोकळ्या करून देणारे बोर्डिंगांचे विश्वस्त, भांडी देणारी मंगल कार्यालये, रात्रभर मांडव घालणारी तालमींची मुले आणि पोळ्या लाटणाऱ्या भगिनी यांचे ऋण मोठे आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर तो माझा विसराळूपणा समजावा, कृतघ्नता नव्हे.

देणगीदारांना आणि औषध विक्रेत्यांना जाता जाता एकच विनंती. पावसाळ्याआधी जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत किमान एका दुकानात या गोळ्यांचा महिनाभराचा साठा राहील, असा ठराव उद्याच्या सत्रात मांडणार आहे. त्याला नुसत्या टाळ्या नकोत. दुकानाचे नाव द्या.