सडका पत्रा टाकू नका

मिनिटं मोजकीच आहेत, म्हणून मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. जुन्या गाडीचा गंजलेला, चाळण झालेला पत्रा भंगारवाल्याला देऊ नका. नवा तुकडा घडून, गाडीवर बसून, शेजारचा दरवाजा एका हाताने अलगद लागेपर्यंत तर मुळीच देऊ नका.

नवी मुंबईतल्या उलव्यात राहून हे सांगतोय, त्याला कारण आहे. दादर-परळहून, गिरगावातून इकडे राहायला आलेल्या काही कुटुंबांनी सामानाबरोबर वडिलांची, आजोबांची फियाटही आणली. ती इमारतीखाली स्टिल्टमध्ये उभी असते. खाडी जवळ, हवा खारी, पावसाळ्यात चार महिने ओल. त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं की आतला दमटपणा आतच कोंडतो. हेडलाइटच्या मागे चिखल साचतो तिथे, दरवाजाच्या तळाशी, डिकीच्या कोपऱ्यात पत्र्याचे पापुद्रे सुटायला लागतात. मग एक दिवस घरातला मुलगा हौसेने गाडी दुरुस्तीला काढतो आणि पहिलं काम काय करतो, तर सडलेलं सगळं कापून फेकतो. गाडी मोकळी दिसते, घरचे खूश होतात. महिन्याने तोच मुलगा विचारत येतो, “काका, मडगार्ड कुठे मिळेल?”

कुठे मिळणार, बाळा? वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली, पुढे तीच पद्मिनी झाली, हे सगळं तुम्ही जाणताच. ते उत्पादन थांबूनही आता दोन तपं उलटली. त्यानंतरही सुटे भाग मिळत राहिले ते टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. काळ्यापिवळ्या टॅक्सी रस्त्यावर होत्या, रोज कुणाला तरी ठोकर बसत होती, म्हणून बाजारात मडगार्ड, दरवाजा, बॉनेट खपत होतं. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य 20 वर्षांचं ठरलेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली, त्यामुळे 2023 चा ऑक्टोबर सरता सरता तिचीही मुदत भरली. गिऱ्हाईक गेलं, तसा मालही गेला. कुर्ल्याच्या भंगाराच्या गल्ल्यांत, चोरबाजारात अजून एखादा दरवाजा, एखादी ग्रील हाती लागते. जरूर फिरा. पण जाताना आपला जुना तुकडा बरोबर न्या. मोबाइलमधला फोटो नको. तुकडा न्या.

त्याहून जुनी ‘डुक्कर फियाट’ असेल तर शोध आणखी अवघड. तिच्या पुढच्या दरवाजाची बिजागरी मागच्या अंगाला, दरवाजा उलटा उघडणारा. पद्मिनीचा दरवाजा तिथे काय कामाचा? जीपवाल्यांचं त्या मानाने बरं आहे. जीपचा पत्रा बराचसा सपाट, त्यामुळे अख्खी बॉडी नवी करून मिळते. फियाटचं मडगार्ड एकाच वेळी दोन अंगांना वळतं. ते हातानेच घडवावं लागतं, आणि घडवायला नमुना लागतो.

घरातल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. ब्लाउज शिवायला टाकताना त्या मापाचा ब्लाउज नेतात. तो विटलेला असो, काखेत उसवलेला असो, कपाटात जपून ठेवलेला असतो. टेपने छाती कळते, कंबर कळते, बाहीची लांबी कळते, पण मुंढ्याचा गोल टेपने नीट उतरत नाही. तो मापाच्या ब्लाउजवरूनच घ्यावा लागतो. मडगार्डची लांबी-रुंदीही टेपने येईल. हेडलाइटभोवतीचा गोल नेमका कुठून वळायला लागतो, ते जुना पत्राच सांगेल. मापाचा ब्लाउज वापरून सैल झाला असेल तर चांगला शिंपी विचारतो, “हेच माप ठेवू, की अर्धा इंच आत घेऊ?” ठोकर खाऊन, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरभरून ज्याची रेषा बिघडली आहे, त्या मडगार्डबद्दल डेंटरनेही असंच विचारलं पाहिजे. आणि एक बाही गहाळ असेल तर दुसरी उलटी ठेवून बेततात. तसं उजवं मडगार्ड नसेल तर डाव्यावरून कागद बेता आणि उलटा करा. पण त्यासाठी डावं तरी शिल्लक हवं ना! तेही भंगारात घातलंत, तर कारागीर कितीही चांगला असला तरी अंदाजानेच कापणार.

आता कागद कसा घ्यायचा ते बघा. जुन्या तुकड्यावर जाड खाकी कागद ठेवायचा, चार चुंबकांनी धरून ठेवायचा आणि हाताने दाबत न्यायचा. भोकं पडलेल्या जागी आधी पुठ्ठा चिकटवून कड पुरी करून घ्यायची. जिथे कागदाला चुण्या पडतात, तिथे पत्रा आकसवायचा आहे. जिथे कागद बसेना म्हणून कापावा लागतो, तिथे पत्रा ताणायचा आहे. दोन्ही जागा पेन्सिलीने वेगळ्या खुणेने मांडायच्या. मग 20 गेजचा सीआरसी पत्रा कापायचा, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने खोलगट करायचा, नंतर खाली डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने सफाई करायची. आणि दर थोड्या वेळाने जुन्या तुकड्याला लावून बघायचं. या लावून बघण्यातच सगळं कसब आहे. जुना तुकडा नसेल तर लावून बघणार कशाला? पुन्हा सांगतो, कारण लोक नेमकं हेच विसरतात: सडका पत्रा टाकू नका.

दरवाजाखालच्या पट्टीबद्दल तर हात जोडून सांगतो. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. ती पट्टी सडली म्हणून सरळ कापलीत, तर गाडी मधोमध खचते. मग दरवाजा जन्मभर लागत नाही. आधी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप टाकून वेल्ड करा, फटी मोजून लिहून ठेवा, मगच कापा. आणि नवी पट्टी जोडताना एका टोकापासून सरळ वेल्डिंग ओढत जाऊ नका. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. नाहीतर उष्णतेने तो वेडावाकडा होतो, आणि मग त्यावर लांबीचे थर चढतात. गाडी विकत घेणाऱ्यांनी कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवून बघावं. जिथे धरत नाही, तिथे पत्रा नाही, लांबी आहे. फायबरचं मडगार्ड स्वस्त पडतं हे मान्य. अडीअडचणीला लावा, पण त्यासाठी मूळ मडगार्ड काढून टाकू नका.

केंद्र सरकारने 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली. त्यात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको, अशी अट आहे. सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडताहेत. मूळ रूप कसं होतं, याचा दाखला तुम्ही गोणीत भरून किलोच्या भावाने देऊन टाकलात, तर मूळ रूपात आणणार कशी?

सोसायटीच्या सेक्रेटरींनाही विनंती आहे. पार्किंगमधल्या जुन्या गाडीवर ‘भंगार हटवा’ असा कागद चिकटवण्याआधी मालकाशी एकदा बोला. तो दुरुस्तीसाठी पैसे साठवत असेल.

थ्रीडी स्कॅन करून आकार जपता येतो, त्याबद्दल बोलायचं होतं. बंपरचं क्रोम, काचेभोवतीचं रबर, दरवाजाचं बीडिंग, हेही राहिलंच. मला वेळ संपल्याची खूण झाली आहे, एवढं मात्र लिहून घ्या. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर ऑइलपेंटने ‘डावा’ की ‘उजवा’ आणि ‘पुढचा’ की ‘मागचा’ लिहा. स्क्रू वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावरही तेच लिहा. पत्र्याला जुनं इंजिन ऑइल फासा आणि जमिनीला न टेकवता कोरड्या जागी टांगून ठेवा.