उपग्रहाचा कॅमेरा निवडताना मेगापिक्सेल शेवटी बघा

आमच्या कॉलेजची टीम एक छोटा हॅम रेडिओ उपग्रह बनवतेय आणि सध्या वाद एकच आहे: कॅमेरा कुठला लावायचा? अर्धी टीम म्हणते, १२ मेगापिक्सेलच हवा. मी म्हणतो, आधी हिशोब मांडा.

उपग्रह म्हणजे १० सेंटिमीटरचा ठोकळा. आपल्या आकाशातून जाताना तो फार तर १० मिनिटं हाती लागतो. रेडिओचा वेग सेकंदाला १२०० बिट धरला, तर तेवढ्यात उतरतात ९० केबी, तेही एकही बिट वाया गेला नाही तर. म्हणजे फोनमधला ३ एमबीचा फोटो उतरवायला तेहतीसहून जास्त फेऱ्या! उलट ३२० बाय २४० पिक्सेलचा १० केबीचा फोटो सव्वा मिनिटात खाली येतो.

एवढ्याशा फोटोत दिसणार काय? उंची ५०० किलोमीटर, लेन्स ६० अंशांची. फोटोत साधारण ५७५ किलोमीटर रुंद पट्टा मावतो, एक पिक्सेल पावणेदोन किलोमीटरचा. तुमचं घर नाही दिसणार, पण कोकण किनारा आणि ढग नक्की ओळखू येतील. टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा एक्सआय-फोर २००३ मध्ये गेला. तोही असाच किलोभराचा ठोकळा, आणि त्यानेही हॅम बँडवरून पृथ्वीचे फोटो पाठवले.

आता जोडणी. खरी डोकेदुखी इथेच आहे. अशा कॅमेऱ्यांचं क्लॉक बऱ्याचदा २४ मेगाहर्ट्झचं असतं. २४ सक १४४, आणि १४४ ते १४६ हा तर आपला हॅम बँड! कमांड त्याच बँडवर घेणार असाल, तर कॅमेऱ्याच्या गोंगाटात उपग्रह बहिरा होऊ शकतो. म्हणून वायर आखूड, वर धातूचं आवरण, आणि काम नसताना कॅमेरा बंद. त्याला स्वतंत्र स्विचही हवाच. रेडिएशनने चिप अडकली आणि करंट वाढला, तर तेवढाच भाग तोडता येतो; बॅटरी वाचते.

लेन्सचा फोकस आधीच पक्का करून टाका, नाहीतर रॉकेटच्या हादऱ्यांनी ती फिरेल. पण साधा ग्लू नको. निर्वातात त्यातून वाफ सुटते आणि काचेवरच बसते. वर जाऊन पुसणार कोण?

माझा आग्रह आणखी एका गोष्टीचा आहे. फोटो एसएसटीव्हीने, म्हणजे आवाजाच्या रूपातही पाठवायचा. रोबोट ३६ पद्धतीत ३२० बाय २४० चं चित्र ३६ सेकंदांत जातं. साधा रेडिओ हँडसेट आणि त्याच्यासमोर धरलेला अँड्रॉइड फोन, बस! गावातल्या शाळेतली पोरंही तो फोटो थेट आकाशातून उतरवू शकतील. १२ मेगापिक्सेलचा फोटो उपग्रहातच अडकून पडला, तर तो कुणाच्या कामाचा?

तुम्ही कुठल्या बाजूने? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!