परतीचा रस्ता उघडा असताना



कार्यवाहांनी मला आरोग्यावर बोलायला सांगितलं होतं. पण आरोग्यावर मी दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ बोलतच असतो, आणि इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते ऐकून सोडून दिलेलं आहे. म्हणून मी विषय बदलून मागितला. अमेरिकेत जाऊन राहिलेले इराणी आणि अमेरिकेत जाऊन राहिलेले कॅनडियन. साबुदाण्यासारख्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला हे कुठून सुचलं, असं तुम्ही मनात म्हणत असाल. ते एका वाचनालयात सुचलं.

माझा मुलगा मॉन्ट्रियलला असतो. २०१९ साली आम्ही दोघं तिकडे गेलो होतो, तेव्हा एका रविवारआधीच्या शनिवारी त्यानं आम्हाला स्टॅनस्टेड नावाच्या गावी नेलं. तिथे हॅस्केल नावाचं वाचनालय आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते मुद्दाम सरहद्दीवर बांधलं गेलं, दोन्ही देशांच्या लोकांना वापरता यावं म्हणून. आतल्या जमिनीवर एक काळी रेघ आहे. रेघेच्या एका बाजूला कॅनडा, दुसऱ्या बाजूला अमेरिका. पुढचं दार अमेरिकेत आणि पुस्तकांची कपाटं कॅनडात. माझा नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. तो त्या रेघेवरून इकडून तिकडे उड्या मारत होता आणि त्याची आजी त्याला दबक्या आवाजात दटावत होती. बेळगावच्या माणसाला ती रेघ बघून काय वाटलं असेल, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण मी सांगणार आहे ते वेगळंच. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, त्या वाचनालयाची बातमी जगभर छापून आली होती. अमेरिकेनं २०१७ पासून इराणी नागरिकांना येण्याची बंदी घातली होती. अमेरिकेत शिकणाऱ्या इराणी मुलांना तेव्हा बहुतेक वेळा एकदाच आत येण्याचा व्हिसा मिळायचा. बाहेर पडलं की परत येण्याची खात्री नाही. आईबापांना अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही, पण कॅनडाचा मिळू शकतो. मग आईबाप तेहरानहून कॅनडात यायचे, मुलं अमेरिकेतून गाडी चालवत यायची, आणि या वाचनालयात त्यांची भेट व्हायची. काही तासांची. कपाटांच्या मधे, खुर्च्यांवर, डबे उघडून. मुलाचा पाय अमेरिकेतून बाहेर पडलेला नाही, अशी कायद्याची पळवाट.

आता बघा, त्याच रेघेवरून कॅनडियन माणूस नोकरीला जातो. १९९४ पासून तर असा नियम आहे, की इंजिनियर, नर्स, हिशेबनीस अशा ठरावीक व्यवसायातल्या कॅनडियन माणसानं नोकरीचं पत्र आणि पदवी घेऊन सरहद्दीवरच्या चौकीत जावं आणि तिथल्या तिथे परवानगी घ्यावी. कॅनडातल्या विंडसर गावच्या नर्सेस रोज नदी ओलांडून डेट्रॉइटच्या दवाखान्यांत कामाला जातात आणि रात्री घरी परततात. एकाच रेघेची ही दोन रूपं डोक्यात बसली आणि घरी आल्यावर मी वाचत सुटलो.

आकडे थोडेच सांगतो. कॅनडात जन्मून अमेरिकेत राहणारे साधारण आठ लाख आहेत, इराणात जन्मलेले साधारण चार लाख. दोन्ही मंडळी शिकलेली. इराण्यांत निम्म्याहून अधिक पदवीधर, कॅनडियनही फार मागे नाहीत. सरासरी उत्पन्न पाहिलं तर दोघंही खाऊनपिऊन सुखी. कागदावर दोघांत फरक फार थोडा. आता तुम्ही अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुणा नातेवाइकाला विचारा, तुमच्या शहरात इराण्यांची वस्ती कुठे आहे? लॉस एंजेलिसला राहणारा लगेच वेस्टवुडचं नाव सांगेल. तिथल्या एका चौकाला २०१० साली शहरानं 'पर्शियन स्क्वेअर' अशी पाटीच लावली. मग विचारा, कॅनडियनांची वस्ती कुठे? तो तुमच्याकडे बघत राहील.

इराणी अमेरिकेत गेले ते आधी विद्यार्थी म्हणून. तेलाचा पैसा होता, शहाचं राज्य होतं. १९७९-८० साली अमेरिकेत ५१ हजारांवर इराणी विद्यार्थी होते. तेव्हा दुसऱ्या कुठल्याही देशाचे एवढे नव्हते. ही मुलं शिकून परत जाणार होती. १९७९ मध्ये क्रांती झाली, नोव्हेंबरात तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत माणसं ओलीस धरली गेली, त्यांतली ५२ माणसं ४४४ दिवस अडकून पडली. अमेरिकेनं सगळ्या इराणी विद्यार्थ्यांना कचेरीत येऊन कागद दाखवायचा हुकूम काढला. मागून शहाचे अधिकारी आले, कारखानदार आले, ज्यू, आर्मेनियन, बहाई आले. मग इराकशी आठ वर्षांचं युद्ध, तेव्हा मुलांना लष्करभरतीतून वाचवणारे आईबाप आले. त्या काळात पुष्कळांनी स्वतःला 'इराणी' म्हणणं सोडून 'पर्शियन' म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं की शेजाऱ्याचा चेहरा बदलतो, हे आपल्यालाही थोडं ठाऊक आहे.

दोन्ही देशांचे संबंध १९८० साली तुटले ते तुटलेच. तेहरानच्या माणसाला अमेरिकेच्या व्हिसासाठी अंकारा, दुबई नाहीतर येरेवान गाठावं लागतं. निर्बंधांमुळे बँकेतून पैसे पाठवणं मुश्किल, म्हणून ओळखीचा सर्राफ गाठायचा. हा शब्द आपल्याकडे सराफ म्हणून आला आणि सोन्याच्या दुकानात जाऊन बसला. तिकडे तो अजून मूळचंच काम करतो.

आता माझ्या व्यवसायाचं. तेहरानचा डॉक्टर अमेरिकेत गेला तर त्याची पदवी चालत नाही. परीक्षा पुन्हा, उमेदवारी पुन्हा. चाळिशीतल्या माणसानं विशीतल्या पोराच्या शेजारी रात्रपाळी करायची. ज्यांना ते जमलं नाही त्यांनी दुकान टाकलं, घरांची दलाली केली, गालिचे विकले. इराण्यांत स्वतःचा धंदा करणारे इतके का, याचं एक उत्तर इथे आहे. उलट कॅनडातल्या वैद्यकीय महाविद्यालयांची तपासणी अमेरिकेच्याच संस्थेबरोबर होत असे. त्यामुळे अगदी अलीकडेपर्यंत तिथल्या पदवीधराला अमेरिका परदेशी धरतच नव्हती. माझी बीएचएमएस मात्र दोन्हीकडे भिंतीवर लावण्यापुरती, हे मी मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

तर इराण्याला परत जाता येत नव्हतं, आणि तिथल्या बाजारातही सरळ शिरता येत नव्हतं. म्हणून त्यानं स्वतःचा बाजार उभा केला. किराण्याचं दुकान, केबाबचं हॉटेल, फारसी रेडिओ, मग टीव्हीच्या वाहिन्या. बेव्हर्ली हिल्ससारख्या श्रीमंत गावात २००७ साली निवडणुकीच्या मतपत्रिका फारसीतही छापल्या, त्यावरून काही गावकरी चिडले, आणि त्याच वर्षी जिमी डेलशाद हा इराणात जन्मलेला माणूस तिथला महापौर झाला.

कॅनडियनाला यातलं काही करावंच लागलं नाही. केनेडींनी १९६१ साली दिल्लीला पाठवलेले राजदूत गालब्रेथ तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असतील. ते जन्मानं कॅनडियन, ओंटारिओतल्या शेतकऱ्याच्या घरातले. कुणाच्या लक्षात तरी आलं का? रस्ता उघडा, भाषा तीच, चेहरा तोच. माणूस गेला आणि विरघळला.

इतपत वाचून झाल्यावर मला वाटलं, निदान झालं. रस्ता बंद असला की समाज घट्ट राहतो, उघडा असला की पातळ होतो. पण घाईनं निदान केलं की औषध चुकतं. कॅनडियनांतच एक गट असा निघाला, की त्यानं माझं निदान खोटं ठरवलं.

क्युबेकचे फ्रेंच बोलणारे शेतकरी. १८४० ते १९३० या काळात त्यांच्यातले सुमारे नऊ लाख लोक दक्षिणेकडे, न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले. लोवेल, फॉल रिव्हर, मँचेस्टर, वुनसॉकेट. घरात खाणारी तोंडं जास्त, जमीन थोडी आणि कर्जात. कोकणातला माणूस गिरणगावात आला तसेच हे आले, फरक इतकाच की हे बायकापोरांसकट आले आणि पोरंही गिरणीत गेली. गाव जवळ, आगगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर. सणाला जावं, कापणीला जावं, परत यावं. रस्ता पूर्ण उघडा. तरीही त्यांनी भाषा दोन-तीन पिढ्या घट्ट धरून ठेवली. त्यांच्या वस्त्यांना 'छोटा कॅनडा' म्हणत. चर्चची शाळा, तिथे अर्धा दिवस फ्रेंच आणि अर्धा दिवस इंग्रजी. फ्रेंच वर्तमानपत्रं, फ्रेंच दवाखाने, फ्रेंच पतपेढ्या. १८८१ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका सरकारी अहवालानं त्यांना 'पूर्वेकडच्या राज्यांतले चिनी' म्हटलं. मतलब असा, की हे येतात, कमावतात, आपल्यात मिसळत नाहीत. वुनसॉकेटला तर १९२० नंतर भांडण पेटलं. बिशपनं फ्रेंच चर्चांचे पैसे इंग्रजी शाळेसाठी वळवले, असं म्हणून काही लोक थेट कोर्टात गेले. त्यांना चर्चनं बहिष्कृत केलं, आणि वर्षभरात बहुतेकांनी माफी मागितली.

मग ती भाषा गेली कशी? मारली म्हणावं तर थोडी मारली. मेन राज्यानं १९१९ साली शाळांत इंग्रजीतूनच शिकवायचा कायदा केला. पण मोठं कारण तुमच्या-माझ्या घरातलं आहे. गिरण्या दक्षिणेकडे हलल्या, १९३०च्या दशकात मोठमोठ्या बंद पडल्या. मुलं लढाईवर गेली, परत येऊन गावाबाहेर बंगले बांधले, बरी नोकरी धरली. मुकादम फ्रेंच होता तोवर फ्रेंचला काम होतं. दुकानदार, पाद्री, सुईण फ्रेंच होती तोवर काम होतं. बंगल्यात गेल्यावर ती फक्त आजीशी बोलायची भाषा उरली. लेब्लांचे व्हाइट झाले, बुआव्हेरचे ग्रीनवुड झाले. लोवेलमध्ये १९२२ साली जन्मलेला जॅक केरूॲक घरी फ्रेंचच बोलत होता, इंग्रजी शाळेत गेल्यावर शिकला, आणि नाव कमावलं ते इंग्रजी लेखक म्हणून.

आता लॉस एंजेलिसच्या इराण्यांकडे परत बघा. तिसरी पिढी वाढते आहे. मुलं फारसी बोलतात, पण पुष्कळांना लिहिता-वाचता येत नाही. फोनवर रोमन अक्षरांत फारसी लिहितात, तिला त्यांनी 'फिंगलिश' असं गमतीचं नावही दिलंय. इथे किती जणांचे नातू आजोबांना मराठी निरोप कोणत्या अक्षरांत पाठवतात? हात वर करायला सांगत नाही.

मी भाषातज्ज्ञ नाही. माझा पुरावा दवाखान्यातला. आमच्या शास्त्रात नुसतं 'दुखतं' म्हणून भागत नाही, कसं दुखतं ते लागतं. म्हातारी माणसं येतात ती सांगतात, ठणकतंय, सलतंय, चमक निघते, कळ येते, रग लागते, चुरचुरतं. प्रत्येक शब्दाला माझ्याकडे वेगळं औषध आहे. कन्नड बोलणारे रुग्ण येतात, त्यांच्याकडेही असेच पन्नास शब्द, आणि ते मी वर्षानुवर्षं कानानं शिकलो. त्याच घरातली विशीतली मुलं येतात, घरी उत्तम मराठी बोलतात, आणि मला सांगतात, 'डॉक्टर, पेन होतंय.' कसं पेन? 'खूप पेन.' मी त्यांना शब्द सुचवतो तेव्हा ते माझ्याकडे असे बघतात, की मी परीक्षा घेतोय. त्या मुलांना कुणी इंग्रजीत दुखायला भाग पाडलेलं नाही. आपला रस्ता उघडा आहे. कोल्हापूर इथून दोन-अडीच तासांवर. पुस्तकं येतात, नाटकं येतात, व्याख्यानमाला भरते. न्यू इंग्लंडच्या त्या फ्रेंच मंडळींकडेही हे सगळं होतं.

घरच्या ओढीला आमच्या ग्रंथांत एक औषध दिलंय. कॅप्सिकम. म्हणजे आपली मिरची. ब्याडगी जवळ असलेल्या माणसानं यावर हसावं, पण हानेमानच्या काळापासून ते नोंदलेलं आहे. इराणी विद्यार्थ्याला ते लागू पडेल असं मला वाटत नाही. त्याचा बाप तेहरानात वारला तर त्याला मातीला जाता येत नाही, ही ओढीची तक्रार नव्हे. घट्ट समाजाचं कौतुक करताना ही किंमत धरली पाहिजे, म्हणून सांगितलं. वेस्टवुडची पाटी बघून हेवा वाटू देऊ नका.

माझा नातू क्युबेकात वाढतो. तिथे १९७७ साली कायदा झाला, त्यामुळे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा फ्रेंचच. शेजारच्या देशात गेलेल्या आपल्या लाखो माणसांची भाषा गेलेली त्यांनी पाहिली होती. नातू शाळेत फ्रेंच, मित्रांत इंग्रजी आणि रविवारी फोनवर आमच्याशी मराठी बोलतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा कान दुखत होता. मी विचारलं, कसं दुखतं रे? तो थांबला. मग आधी एक फ्रेंच शब्द म्हणाला, मग इंग्रजी. आजीनं फोन घेतला आणि म्हणाली, 'ठणकतंय का?' तो म्हणाला, 'म्हणजे काय, आजी?' तिनं टेबलावर बोटानं ठक् ठक् ठक् वाजवून दाखवलं. 'हो, तसंच,' तो म्हणाला.

त्या वाचनालयाची शेवटची बातमी तेवढी सांगतो. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं कॅनडियनांना पुढच्या दारानं सरळ येण्यावर बंधनं आणली. इराण्यांवरची बंदी मधे उठली होती, ती त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा लागली. वाचनालयानं कॅनडाच्या बाजूचं, आग लागली तर बाहेर पडायचं दार उघडलं आणि तिथे नीट प्रवेशद्वार करण्यासाठी वर्गणी काढली. मुलानं थोडे पैसे पाठवले. मीही पाठवले, वाचनालयाच्या वर्गणीला नाही म्हणायची आपल्या घरात सवय नाही.