श्रवणाची ओढ आणि श्रोत्याचा अधिकार

(शहरातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



आजच्या व्याख्यानाचा विषय चालकांनी मला कळविला तेव्हा मी क्षणभर बिचकलो. ग्रंथांच्या कपाटांमध्ये उभे राहून ऐकण्याची थोरवी गावी, हे यजमानाच्या पंक्तीला बसून शेजारच्या घरच्या स्वयंपाकाची वाखाणणी करण्यासारखे वाटले. पण विचारांती संकोच मावळला. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द ही एकाच घरातील भावंडे आहेत, आणि त्यांत बोललेला शब्द वडील आहे. थोरल्याची चौकशी केल्याने धाकट्याचा मान कमी होत नाही.

प्रश्न साधा आहे. नभोवाणीवरील संगीताची मोहिनी समजण्यासारखी आहे. चित्रपटाची तर त्याहून अधिक. पण नुसते बोलणे? समोर चेहरा नाही, रंगभूमी नाही, सूर नाही, ताल नाही. एक माणूस बोलतो आहे, फार तर दोघे बोलत आहेत. तरीही नव्वदांहून अधिक वर्षे जगभर माणसे अशा बोलण्याला कान लावून बसली आहेत. पूर्वी हे बोलणे दिवाणखान्यातील फळीवरच्या पेटीतून येई, आज ते खिशातील फोनमधून येते आणि त्याला पॉडकास्ट म्हणतात. पेटी गेली, ओढ राहिली. ती कशाची आणि तिचे मोल काय, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

पहिले कारण अगदी व्यवहाराचे आहे. डोळ्यांना आणि हातांना गुंतवून न ठेवता मनात शिरणारे हे एकमेव साधन होय. भाकरी थापणारी गृहिणी, यंत्रमागावरचा कामगार, रात्रीच्या मालमोटारीचा चालक, दृष्टी मंदावलेले आजोबा, यांपैकी कोणालाही पुस्तक उघडून बसणे शक्य नाही. ऐकणे मात्र सर्वांना शक्य आहे. शिवाय ऐकण्याला अक्षरओळखीची अट नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झाले तेव्हा या देशातील बहुसंख्य जनता निरक्षर होती. छापलेल्या पानाला ज्यांच्या उंबरठ्यावरून परत फिरावे लागे, त्यांच्या माजघरापर्यंत आवाज सरळ पोहोचला.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. सभेतील वक्ता हजारांशी बोलतो. नभोवाणीवरील वक्ता एकाशी बोलतो. ही किमया राज्यकर्त्यांपैकी ज्याने फार लवकर ओळखली, तो अमेरिकेचा अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३३ च्या मार्चमध्ये त्या देशातील बँका एकामागून एक कोसळत होत्या आणि घाबरलेले लोक ठेवी काढण्यासाठी रांगा लावीत होते. रूझवेल्टने बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि १२ मार्चच्या रविवारी रात्री नभोवाणीवरून तो देशाशी बोलला. बँक म्हणजे काय, ठेवीदाराचा पैसा कोठे गुंतलेला असतो, उद्यापासून काय होणार, हे त्याने घरच्या वडीलधाऱ्याने सांगावे तशा साध्या शब्दांत सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या आणि लोक पैसे काढण्याऐवजी भरण्यासाठी आले. पुढे १९४४ पर्यंत त्याने अशी सुमारे तीस भाषणे केली. शेकोटीभोवतीच्या गप्पा असे त्यांचे नाव पडले, ते यथार्थच होते.

एकाच माणसाचे बोलणे किती काळ टिकावे? ॲलिस्टर कुक या पत्रकाराने १९४६ च्या मार्चपासून २००४ च्या फेब्रुवारीपर्यंत बीबीसीवरून 'अमेरिकेहून पत्र' या मथळ्याखाली दर आठवड्याला सुमारे पाव तास भाषण केले. अठ्ठावन्न वर्षांत अशी २८०० हून अधिक पत्रे झाली. आयुष्यभर पत्र पाठविणाऱ्या मित्राला जसे आपण ओळखतो, तसे त्याच्या श्रोत्यांनी त्याला ओळखले. आणि बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेही नव्हते.

तिसरे कारण आपल्या घराजवळचे आहे. आवाजाला जकातनाका नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात आणि वृत्तपत्रांवर निर्बंध, अशा काळात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी छापा घालेपर्यंत तो जागा बदलीत बोलत राहिला. त्यानंतरची कथा तर या घाटमाथ्यावरचीच आहे. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात मोकळे बोलणे अशक्य असताना २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी प्रथम अंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या रानातून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. पावसात, जळवांत, हिंस्र पशूंच्या शेजारात त्यांनी सहा वर्षे काढली आणि पोर्तुगीज व कोंकणी भाषांतून सीमेपलीकडच्या माणसांना जगात काय घडत आहे ते सांगितले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ती वार्ता विमानातून ध्वनिवर्धकावर पुकारण्याचा मान याच दोघांना मिळाला. सीमेवर पहारा असतो तो माणसांवर आणि मालावर. शब्द रानातून निघाला आणि माजघरात उतरला.

येथवर मी श्रवणाची थोरवी गायिली. आता नाण्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण जो आवाज धीर देऊ शकतो तोच विषही पाजू शकतो.

अमेरिकेत १९६० च्या सुमारास काही केंद्रांनी दिवसभर नुसत्या बोलण्याचे कार्यक्रम सुरू केले आणि श्रोत्यांचे दूरध्वनी थेट ध्वनिक्षेपित करण्याची प्रथा पडली. पुढे संगीत अधिक स्वच्छ आवाजाच्या एफएम लहरींवर गेले आणि जुन्या मध्यम लहरींच्या केंद्रांना जगण्यासाठी बोलण्याचाच आधार उरला. वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू ऐकविल्या पाहिजेत असा दंडक तेथे १९४९ पासून होता. तो १९८७ मध्ये रद्द झाला. १९८८ मध्ये रश लिंबॉ याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि एकाच पक्षाची बाजू तासन् तास आवेशाने मांडणाऱ्या वक्त्यांची एक परंपराच उभी राहिली. श्रोता फोन करू शके हे खरे. पण कोणाचा फोन घ्यावयाचा आणि कोणाचा तोडावयाचा, ती कळ वक्त्याच्याच बोटाखाली होती.

याहून भीषण उदाहरण आफ्रिकेतील रवांडाचे. १९९३ च्या जुलैमध्ये तेथे एक खाजगी केंद्र सुरू झाले. ते लोकप्रिय गाणी लावी, विनोद करी, रस्त्यावरच्या भाषेत बोले, श्रोत्यांनाही बोलावी. सरकारी केंद्राच्या कोरड्या भाषणांपुढे लोकांना ते आपले वाटले. त्याच आपुलकीच्या आवाजाने शेजाऱ्यांना झुरळे म्हणण्यास शिकविले आणि १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत जो नरसंहार झाला, त्यात कोणाला कोठे शोधावे हेही सांगितले. बळींचा आकडा आठ लक्षांच्या घरात धरला जातो. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या चालकांना दोषी ठरविले. गोडीने बोलणारा प्रत्येक आवाज मित्राचा नसतो, हा धडा फार मोठी किंमत मोजून जगाने घेतला.

मग फरक कशात आहे? उत्तरासाठी मी आपणांस पुण्याकडे नेतो.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. एकेका मंडळात वीसेक माणसे, त्यांचा एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ही मंडळी एकत्र बसत, अर्धा तास शेती, गुरे, आरोग्य किंवा शिक्षण यांवरील कार्यक्रम ऐकत, आणि मग पेटी बंद करून चर्चा करीत. आपल्याकडे हे जमेल काय, पैसा कोठून येईल, सांगणारा म्हणतो ते खरे कशावरून, अशा शंका निघत. चिटणीस त्या लिहून पुण्यास पाठवी आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. असे वीस कार्यक्रम झाले.

पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली या प्रयोगाची कसून पाहणी झाली. तुलनेसाठी दोन प्रकारची आणखी गावे घेतली होती. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. काही गावांत दोन्ही नव्हते. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडल्याचे दिसले आणि ठिकठिकाणी चर्चेतून प्रत्यक्ष कामेही उभी राहिली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फरक अगदी थोडा पडला. हे सूत्र मोठे बोलके आहे. आवाज तोच, विषय तोच, वेळ तीच. पण जेथे शेजारी शेजाऱ्याला प्रश्न विचारू शकला तेथेच ऐकलेले अंगी लागले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे मंडळांची निगा राहिली नाही आणि ती ओसरली. पण शिकवण खोटी ठरली नाही.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे. पण श्रवणामागून मनन आणि मननामागून निदिध्यास सांगितला आहे. कीर्तन मांडी घालून दहा जणांत बसून ऐकावयाचे आणि घरी परतताना वाटेत बुवांच्या निरूपणावर वाद घालावयाचा, ही आपली रीत. बुवा चुकले तर ते सांगणारी एखादी आजी सभामंडपात असेच.

आता पॉडकास्टकडे येऊ. ॲलिस्टर कुकचे अखेरचे पत्र ध्वनिक्षेपित झाले त्याच फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन' या पत्रात बेन हॅमर्सली याने हा शब्द प्रथम छापला. आयपॉड हे खिशात मावणारे यंत्र आणि ब्रॉडकास्ट, यांचा तो जोडशब्द. २००५ च्या जूनमध्ये ॲपल कंपनीने आपल्या संगीताच्या दुकानात पॉडकास्टांना जागा दिली आणि त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. येथे मनोरा नको, लहरींचा परवाना नको, ठराविक वेळेची वाट पाहणे नको. या देशात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला आणि २००६ पासून सामाजिक संस्थांना लहान केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. तरी परवान्याची वाट लांबचीच होती. पॉडकास्टने ती वाट टाळली. एक फोन, एक शांत खोली आणि सांगण्यासारखे काही, एवढे भांडवल पुरे होते.

पण जे मिळाले त्याबरोबर काही गेलेही. फळीवरची पेटी एक होती म्हणून घर एकत्र बसे. 'पुन्हा प्रपंच' मधील टेकाडे भावोजी बोलू लागले की सासूसून एकदम हसत. आज एकाच घरात चौघांच्या कानांत चार निरनिराळे आवाज असतात. प्रत्येक जण आपल्याला पटणारेच निवडतो, एकटाच ऐकतो, आणि शंका आली तरी विचारावयास शेजारी कोणी नसतो. आवाज जवळ आला आणि शेजारी दूर गेला. या एकांतातच भोळ्या श्रोत्याचा अनुयायी होतो.

म्हणून माझी या वाचनालयाला दोन नम्र विनवण्या आहेत. पहिली, आठवड्यातून एक संध्याकाळ श्रवणासाठी राखावी. अर्धा तास एखादे चांगले बोलणे एकत्र ऐकावे, तास दीड तास त्यावर मोकळी चर्चा करावी, आणि निघालेले प्रश्न बोलणाऱ्याला लिहून पाठवावेत. पुण्याच्या त्या शेतकऱ्यांनी कंदिलाच्या उजेडात जे केले ते आपल्याला विजेच्या दिव्याखाली अवघड नसावे.

दुसरी विनवणी अधिक जिव्हाळ्याची आहे. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत शिकतात. ती मराठी बोलतात, समजतात, पण मराठी पान समोर ठेवले तर अडखळतात. हे बेळगावात घडते, पणजीत घडते, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबाद येथेही घडते. त्या मुलांसाठी पुस्तकाचे दार तूर्त जड झाले असले तरी कानाचे दार उघडे आहे. आणि या प्रत्येक गावची मराठी आपापल्या परीने निराळी आहे. शेजारच्या भाषेचे शब्द पोटात घेऊन ती पिढ्यान् पिढ्या तेथे नांदली आहे. ती ज्यांच्या तोंडी आहे ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना बोलते करा. त्यांची बाजारहाटीची भाषा, सणावारांच्या आठवणी, विसरलेल्या पाककृती, भांडणे आणि थट्टा, सारे ध्वनिमुद्रित करून ठेवा. नातवाला फोन दाबता येतो आणि आजीला गोष्ट सांगता येते. दोघांना एका खोलीत बसविणे एवढेच काम उरले आहे. बसला की तो नातू मध्येच विचारील, "आजी, म्हणजे काय?" आणि आजी थांबून समजावून सांगेल. त्याचा तो प्रश्न कापून टाकू नका. तोही मुद्रणात राहू द्या.

 आता अध्यक्षांची अनुज्ञा असल्यास मी खाली बसतो. आपले प्रश्न ऐकण्याची पाळी माझी आहे.