पोरगा पलटणीत, सातबारा गावात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा विषय आज आहेच, तो जेवणानंतर घेऊ. त्याआधी ज्या घरचा पोरगा नुकताच फौजेत गेला आहे, त्या घरांशी आम्हाला बोलायचे आहे. अशी घरे या मांडवात थोडी नाहीत. कोरडवाहू वावरात दोन भावांचे पोट भरत नाही, म्हणून एक भाऊ पहाटे उठून डांबरी रस्त्याने धावतो आणि भरती होतो. त्याला देशप्रेम म्हणा, आम्हीही म्हणतो. पण पऱ्हाटी-ज्वारीचा उत्पादन खर्च भरून निघाला असता तर यातले किती जण धावले असते, हा हिशेब दिल्लीत कोणी मांडत नाही. असो.

पोरगा गेला की घरी राहतात म्हातारे आईबाप, नाहीतर नवी सून. त्यांना काय विचारावे आणि कोणाला विचारावे, हेच ठाऊक नसते. आता बरीचशी माहिती मोबाईलवर सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळते. ती कोठे आहे आणि तिचे करायचे काय, एवढेच आज सांगतो.

पहिली गोष्ट पैशाची. गावात अजून समज असा की पोरगा लागला म्हणजे पंधरा वर्षे नोकरी आणि पुढे पेन्शन. २०२२ साली अग्निपथ योजना आली, तेव्हापासून नव्या शिपायाची भरती चार वर्षांची आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त शंभरात पंचवीस जणांना कायम नोकरीत घेतले जाईल, अशी योजना जाहीर झाली. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरला, त्यातले ९,००० सेवानिधीत कापले जाणार आणि हातात २१,००० येणार. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी हातात २८,०००. चार वर्षांत पोराच्या पगारातून साधारण ५ लाख २ हजार कापले जातात, तेवढेच सरकार घालते, आणि व्याजासह ती रक्कम शेवटी मिळते.

हे आम्ही एवढे फोडून का सांगतो? चार वर्षांच्या नोकरीवर सात वर्षांचे ट्रॅक्टरचे कर्ज उचललेली घरे आम्ही पाहिली आहेत. कर्ज देणाऱ्याला नोकरी किती वर्षांची हे माहीत असते, बापाला नसते. सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर, म्हणजे जॉइन इंडियन आर्मी या नावाच्या सरकारी स्थळावर, अटी लिहिलेल्या आहेत. त्या पोराकडून वाचून घ्या आणि मग सही करा. अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता पोराच्या पगारातून जात नाही. वारसदार म्हणून कोणाचे नाव दिले, हे मात्र त्याला विचाराच. 

ज्यांची धाकटी पोरे अजून धावताहेत त्यांना एक शब्द. अर्ज त्याच स्थळावर होतो. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला. २०२५ पासून परीक्षेला मराठीही आली. भरती करून देतो म्हणून जो पैसे मागेल तो चोर. मग तो तुमचा सोयरा असला तरी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पोरगा सीमेवर असतो आणि सातबारा गावात असतो.

आमच्याच भागातले एक घर. आजोबा वारले तेव्हा नातू पलटणीत, त्याचे वडील आधीच गेलेले. वारस नोंद झाली. त्यात चुलत्यांची नावे लागली, नातवाचे आणि त्याच्या बहिणीचे राहिले. विसरले की विसरवले, ते तुम्हीच ओळखा. फेरफाराची नोटीस निघाली होती. हरकतीला पंधरा दिवस असतात. नोटीस चावडीवर लागली, आई वाचणार कशी? पोरगा सुटीवर आला तेव्हा वावरात चुलत्याची वखरणी चालू होती. पुढे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, तारखा, आणि पोराची सुटी मोजून तीस दिवसांची. दोन सुट्या कचेरीच्या पायरीवर गेल्या. नावे शेवटी लागली, पण त्या दोन हंगामांचे पीक कोणी परत दिले नाही.

ही नोटीस त्या पोराला हजार कोसांवरून दिसू शकली असती. महाराष्ट्र शासनाच्या महाभूमीच्या स्थळावर ‘आपली चावडी’ म्हणून पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडले की त्या गावात कोणत्या फेरफाराची नोटीस निघाली ते दिसते. सातबारा महाभूलेखवर फुकट पाहता येतो, सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. पोरांना आमचे सांगणे आहे, दर महिन्याला पगार झाल्याचा संदेश आला की त्याच दिवशी चावडी बघा. हरकत घ्यायची तर ती लेखी द्या आणि पोच घ्या. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पोच मागितल्याशिवाय मिळत नाही हे पूर्वीसारखेच आहे.

ज्यांनी वाटणी करून वावर पोराच्या नावे केले, त्यांची आणखी एक अडचण. पेऱ्याची नोंद, विमा, कापूस महामंडळाची २०२५ मध्ये आलेली ‘कपास किसान’ नोंदणी, सगळीकडे मोबाईल लागतो. आधारला पोराचा नंबर, ओटीपी जातो लडाखला, तिथे रेंज नाही, आणि इथे नोंदणीची मुदत संपते. पोराने निघण्याआधी कोणत्या कामाला कोणता नंबर जोडला आहे ते वहीत लिहून ठेवावे. त्या वहीत त्याचा सैनिक क्रमांक, पलटणीचे नाव, पत्राचा पत्ता आणि पगाराच्या खात्याची बँकही लिहा. पण हे गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. पोरगा कोठे तैनात आहे, कोणत्या गाडीने निघाला, हे तर मुळीच नाही.

भांडण कोर्टात गेलेच तर? जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. ते फक्त म्हाताऱ्या पेन्शनरांचे आहे असे लोक समजतात, ते खरे नाही. नोकरीतल्या सैनिकाचे कुटुंबही तिथे जाऊ शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. त्यात वकिलाची मदत फुकट आहे, फोन १५१००. शिवाय १९२५ सालचा एक कायदा आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. सैनिक युद्धासारख्या विशेष परिस्थितीत तैनात असेल तर दिवाणी आणि महसुली दावा त्याच्या माघारी एकतर्फी चालू नये, म्हणून तो केला. इंग्रजाने केलेला कायदा, पण आमच्या कामाचा आहे. वकिलाला त्याचे नाव सांगा, बऱ्याच वकिलांनाही ते सांगावे लागते.

बैठक संपली की मांडवामागच्या निंबाखाली आमची दोन पोरे मोबाईल घेऊन बसणार आहेत. गट नंबर आणि जुना सातबारा ज्याच्याजवळ आहे त्याने तिथे जावे. ज्यांच्याजवळ नाही त्यांनी गावाचे नाव आणि खातेदाराचे नाव सांगितले तरी चालेल. मायबहिणींचे आधी बघतील, त्यांना परतीची एसटी चार वाजता आहे.