लॅपटॉपची उष्णता आणि ग्राफिक्स ड्रायव्हर

(कडोली, ता. बेळगाव येथे शिक्षक, विद्यार्थी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्य संमेलनाची परंपरा जपणारे गाव म्हणून कडोलीचा सीमाभागात लौकिक आहे. अशा गावात यंत्राविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच होय. परंतु आज निबंध लिहावयाचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा किंवा परीक्षेची तयारी करावयाची, तरी अनेक घरांत लॅपटॉप उघडावा लागतो. पुष्कळ कुटुंबांनी तो हप्त्यांवर घेतलेला असतो. असे यंत्र तापू लागले, त्याचा पंखा अखंड घरघरू लागला, की 'मदरबोर्ड गेला', 'नवीनच घ्या' असे सल्ले मिळतात. सगळ्याच नव्हे, तरी अनेक प्रसंगी दोष यंत्रात नसून त्यातील एका आज्ञावलीत असतो व तो विनाखर्च दूर करता येतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

उष्णता कोठून येते?

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. मोठ्या यंत्रांत ही उष्णता दूर करण्यासाठी विशेष योजना करावी लागते. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविण्यात आलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात थंडाव्यासाठी पाण्याचा उपयोग केलेला आहे. लॅपटॉपमध्ये हेच काम तांब्याची नळी, धातूच्या पातळ पट्ट्या आणि एक लहानसा पंखा यांना करावे लागते. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्यांना हे समजावून सांगावयास नको की, उष्णता निर्माण झाली की तिला बाहेर जाण्यास वाट द्यावीच लागते. पंख्याचा आवाज हा रोग नव्हे. ते केवळ लक्षण आहे.

अनेक लॅपटॉपमध्ये चित्रे उमटविण्यासाठी दोन चिप असतात. एक मुख्य प्रोसेसरमध्येच सामावलेली असून ती साध्या कामास थोडीच वीज घेते. दुसरी स्वतंत्र व बलवान असते आणि भार पडला की जुन्या साठ वॅटच्या दिव्याइतकी किंवा त्याहूनही अधिक वीज खाते. कोणत्या कामाला कोणती चिप जुंपावयाची, मोठीला केव्हा झोपवावयाचे, हे पाहण्यात ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा वाटा असतो. ही आज्ञावली म्हणजे संगणक आणि चिप यांच्यामधील कारभारी होय. कारभारी चुकला तर घागरभर पाण्यासाठी बैलगाडी जुंपली जाते.

ड्रायव्हरमुळे उद्भवणारे दोष

हे दोष मुख्यतः तीन प्रकारचे आढळतात. पहिला, मोठी चिप काम नसतानाही जागी राहते. दुसरा, योग्य ड्रायव्हरच नसल्यामुळे चित्रांचे व चलचित्रांचे सर्व काम मुख्य प्रोसेसरवर पडते. मग साधी शैक्षणिक चित्रफीत पाहतानाही यंत्र धापा टाकते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर ज्यांनी जुन्या यंत्रावर लिनक्स बसविले, त्यांनी या दोषाकडे विशेष लक्ष द्यावे. तिसरा, नवा ड्रायव्हरच सदोष निघतो. मार्च २०१० मध्ये एनव्हिडिया कंपनीला आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यामुळे काही ग्राफिक्स कार्डांच्या पंख्याचे नियंत्रण बिघडून ती तापत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरमध्येही पंख्याचा वेग वाढू न देणारा दोष निघाला आणि कंपनीला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. ती प्रकरणे प्रामुख्याने टेबलावरील संगणकांच्या कार्डांची होती. लॅपटॉपचा पंखा बहुधा वेगळ्या नियंत्रकाकडून चालतो. तथापि नवे ते निर्दोषच असते असे नाही, हा धडा दोन्हींना सारखाच लागू पडतो.

तपासणीचा क्रम

प्रथम यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि काहीही न उघडता दहा मिनिटे थांबावे. नंतर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांवरील भार पाहावा. एखादा कार्यक्रम विनाकारण भार टाकत असेल, तर तो तेथेच दिसतो. भार अगदी कमी असूनही यंत्र तापत असेल, तर मोठी चिप जागी राहिली आहे काय हे पाहावे. तसे नसल्यास धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा झिजलेला पंखा यांचा संशय घ्यावा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे नाव दिसले, तर योग्य ड्रायव्हर बसलेला नाही असे समजावे. लिनक्समध्ये यंत्राच्या माहितीत ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' असे दिसल्यास चित्रांचे काम प्रोसेसर करीत आहे, हे निश्चित. अशा वेळी यंत्राचा मॉडेल क्रमांक पाहून उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. लिनक्समध्ये तो वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर आपोआप सुधारू' असे सांगणाऱ्या त्रयस्थ कार्यक्रमांच्या वाटेस जाऊ नये.

त्रास अद्ययावतीकरणानंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधील 'रोल बॅक ड्रायव्हर' या सोयीने आधीचा ड्रायव्हर परत आणता येतो. याकरिता अद्ययावतीकरणाची तारीख वहीत टिपून ठेवण्याची सवय उपयोगी पडते. लेखन, वाचन व ब्राउझर यांसाठी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये वीजबचतीचा पर्याय निवडावा, म्हणजे मोठी चिप विश्रांती घेईल.

ड्रायव्हर ठीक झाला तरी हवेची वाट मोकळी हवीच. लॅपटॉप गोधडीवर किंवा उशीवर ठेवू नये. लाकडी पाट उत्तम. सुगीच्या दिवसांत घरात धूळ फार येते, तेव्हा झरोके मऊ ब्रशाने स्वच्छ करावेत. यंत्र वारंवार आपोआप बंद पडत असेल, जळका वास येत असेल किंवा बॅटरी फुगलेली दिसत असेल, तर मात्र ते ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावे. तेथे घरगुती प्रयोग करू नयेत.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. या यंत्रांवरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमाची मुले त्यांना बिचकतात. शाळेत एखादा तास घेऊन टास्क मॅनेजर व डिव्हाइस मॅनेजर ही दोन दालने मुलांना मराठीतून समजावून द्यावीत. दुरुस्तीवाल्याकडे जाताना मुलाने 'लॅपटॉप बिघडला' एवढेच न सांगता 'काम नसतानाही मोठी चिप चालू राहते' असे सांगितले, तर त्याच्या आईवडिलांचे पैसे वाचण्याचा बराच संभव आहे.