आकाशातील दिवे आणि शासनाचे मौन
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

उडत्या तबकड्यांवर भाषण आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल. परंतु माझा खरा विषय तबकड्या हा नाही. शासनसत्ता जनतेपासून काय लपवते आणि त्याचे परिणाम काय होतात, हा आहे.

१९४७ साली अमेरिकेत आकाशात अनोळखी वस्तू दिसल्याच्या वार्तांचे पेव फुटले आणि तेथील हवाई दलाने चौकशी आरंभली. १९५२ पासून ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या नावाने चाललेले हे काम १९६९ च्या डिसेंबरात बंद झाले. तोवर १२,६१८ नोंदी जमल्या होत्या. ग्रह, तारे, उल्का, फुगे, विमाने असा बहुतेकांचा उलगडा झाला. ७०१ नोंदींचा झाला नाही. कोलोरॅडो विद्यापीठातील एडवर्ड काँडन यांच्या समितीनेही, या अभ्यासातून विज्ञानात काही भर पडली नाही, असाच निर्वाळा दिला. परग्रहावरील यानाचा पुरावा मिळाला नाही. २०२४ च्या पेंटॅगॉनच्या अहवालाचा निष्कर्षही तोच आहे.

येथे विवेकवाद्याने समाधान मानावे काय? नाही. १९५५ पासून ‘यू-२’ हे हेरविमान साठ हजार फुटांहून उंच उडू लागले. प्रवासी विमाने तेव्हा दहा-वीस हजार फुटांवरून जात. खाली सूर्य मावळला तरी त्या उंचीवर ऊन असे आणि हेरविमानाचे रुपेरी पंख पेटल्यासारखे चमकत. पाहणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे कळवले. चौकशी अधिकारी गुप्तहेर खात्याकडून खरे काय ते जाणून घेत. जनतेला मात्र बर्फाचे कण, हवेच्या तापमानातील फरक अशी कारणे सांगितली जात. ही दिशाभूल होती, हे एका शासकीय इतिहासकाराने १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात नमूद केले. रॉझवेलची कथाही अशीच. १९४७ साली तेथे सापडलेले अवशेष हवामानाच्या फुग्याचे म्हणून सांगितले गेले. सोव्हिएत अणुस्फोटांचा वेध घेण्याच्या गुप्त योजनेतील फुग्यांचे ते असावेत, हे हवाई दलाने १९९४ साली मांडले. सत्तेचाळीस वर्षांच्या मौनात एक दंतकथा वाढून बसली होती!

एवढेच नव्हे. १९५३ साली गुप्तहेर खात्याने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने, लोकांचे या विषयातील कुतूहल प्रचारसाधनांनी कमी करावे आणि हौशी अभ्यासकांच्या संघटनांवर नजर ठेवावी, अशी शिफारस केली. प्रश्न विचारणारा नागरिकच संशयित ठरला.

मित्रहो, भोळ्या समजुतींवर आपण टीका करतो, ती केलीच पाहिजे. पण दिवा पाहणारा माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला उत्तर देणारे शासन खोटे बोलत होते. एकदा फसलेला माणूस पुढे खऱ्या खुलाशावरही विश्वास ठेवत नाही आणि त्या अविश्वासावर अफवांचे व्यापारी गब्बर होतात. म्हणून वैज्ञानिक दृष्टीचा आग्रह आणि शासनाकडून सत्याची मागणी ही दोन कामे वेगळी मानू नका. अफवेला हसण्याआधी, तिला जागा कोणाच्या मौनाने करून दिली, हे विचारा.